परिपाठ आणि कलम २८

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम आला की घर, शहर, शेजार आणि मुलांचे सवंगडी एका फटक्यात बदलतात. केंद्रीय विद्यालयातील सकाळचा परिपाठ मात्र बदलत नाही. दिल्लीतील रामकृष्णपुरम असो, नाशिकजवळील देवळाली असो वा नागपुरातील वायुसेनानगर; रांगा, प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या आणि राष्ट्रगीत हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच. केंद्र सरकारच्या बदलीपात्र कर्मचाऱ्यांच्या मुलांची आबाळ होऊ नये म्हणून १९६३ मध्ये वीस लष्करी शाळा ताब्यात घेऊन सुरू झालेल्या या साखळीत आज बाराशेहून अधिक विद्यालये आहेत. राजधानीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या याच विद्यालयांतून शिकल्या. या परिपाठातील प्रार्थनेविषयी कोणी फारसा विचार केला नव्हता. त्याच प्रार्थनेने राज्यघटनेच्या २८व्या कलमाविषयी सात दशके लोंबकळत राहिलेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या दारात नेऊन उभा केला.

मध्य प्रदेशातील एका वकिलाने २०१७ मध्ये जनहित याचिका दाखल केली. केंद्रीय विद्यालयांच्या सुधारित शिक्षण संहितेतील ९२व्या नियमानुसार सकाळच्या सभेत संस्कृत व हिंदी प्रार्थना म्हणाव्या लागतात, त्या वेळी हात जोडणे व डोळे मिटणे अपेक्षित असते आणि शिक्षक त्यावर लक्ष ठेवतात, अशी त्यातील मुख्य तक्रार होती. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत हे घटनेला धरून आहे काय, असा प्रश्न त्यात विचारला होता. न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारला नोटीस बजावली आणि जानेवारी २०१९ मध्ये, न्या. विनीत सरन यांच्यासह, हे प्रकरण घटनापीठाकडे सोपविण्याचा आदेश दिला. असत्याकडून सत्याकडे ने, ही उपनिषदातील याचना सार्वत्रिक आहे, ती कोणत्या एका धर्माची नव्हे, असा सरकारचा बचाव होता. खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या बोधचिन्हावरील वचन महाभारताशी नाते सांगते, याकडेही सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी लक्ष वेधले होते.

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. राष्ट्राचे बोधवाक्य मुंडक उपनिषदातले. केंद्रीय विद्यालय संघटनाचे बोधवाक्य ईशावास्य उपनिषदातले. ती कोणाला खटकत नाहीत, मग प्रार्थनेचेच वावडे का? परंतु भिंतीवर कोरलेले वचन आणि दहा वर्षांच्या मुलाने रोज सकाळी हात जोडून उच्चारायची याचना यांत अंतर आहे. बोधवाक्य कोणाकडून काही करवून घेत नाही. प्रार्थना करवून घेते. राज्यसंस्थेने मुलांकडून काय करवून घ्यावे, हाच २८व्या कलमाचा विषय आहे.

मुंबईच्या शाळेचा दाखला

संविधान सभेत हे कलम मसुद्यातील २२वे कलम म्हणून ७ डिसेंबर १९४८ रोजी चर्चेला आले. सरकारी शाळांत धर्मशिक्षण का नको, याची तीन कारणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी दिली. पहिले कारण तिजोरीचे: कराच्या रूपाने सर्वांकडून गोळा केलेला पैसा एखाद्या संप्रदायाच्या कामी खर्च करायचा नाही, हे तत्त्व सभेने आधीच स्वीकारले होते. दुसरे कारण त्यांनी मुंबईचा दाखला देऊन मांडले. महापालिकेच्या एका शाळेत हिंदू, ख्रिस्ती, पारशी, यहुदी मुले एकत्र बसणार. हिंदूंतही सनातनी, वैदिक, शैव, वैष्णव असे भेद असणार. या सर्वांना समान लेखून प्रत्येकाला त्याच्या पंथाची शिकवण देणे शाळेला कसे जमणार? तिसरे कारण सर्वांत कठोर होते. आपलाच मार्ग मोक्षाचा आणि इतर सारे चुकलेले, असे धर्म सांगू लागले की ते परस्परसंबंधांत समाजविघातक ठरतात. ही वादावादी शाळेच्या आवारात आणण्यात देशाचे हित नाही, असे त्यांनी सभेला बजावले.

त्याच चर्चेत बंगालचे पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी शंका विचारली. सरकारी संस्कृत महाविद्यालयांत स्मृती, गीता, उपनिषदे शिकवली जातात, त्यांचे काय होणार? डॉ. आंबेडकरांनी दिलेले उत्तर आजही या वादाची किल्ली आहे. धर्माची शिकवण आणि धर्माचे अध्ययन या भिन्न गोष्टी आहेत, असे त्यांनी स्पष्ट केले. अमुक मत खरे मानलेच पाहिजे असे विद्यार्थ्याच्या मनावर बिंबविणे ही शिकवण. ग्रंथ वाचणे, समजावून घेणे, त्यावर संशोधन करणे हे अध्ययन. पहिल्याला मज्जाव, दुसऱ्याला मोकळीक.

संमत झालेल्या कलमाची रचना तीन पायऱ्यांची आहे. संपूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत कोणतेही धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही, ही पहिली. मसुद्यात असलेले ‘राज्याकडून’ हे शब्द अंतिम कलमात नाहीत. म्हणजे सरकारने स्वतः द्यायचे नाही आणि दुसऱ्या कोणाला तेथे येऊन देऊ द्यायचे नाही. धर्मशिक्षणाच्या अटीवर स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेचा कारभार सरकारकडे असेल तर अपवाद, ही दुसरी पायरी. सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना असली तरी विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीविना सक्ती नाही, ही तिसरी.

मेख आहे ती येथेच. तिसऱ्या पोटकलमात शिक्षण आणि उपासना असे दोन्ही शब्द आहेत. पहिल्यात फक्त शिक्षण आहे, उपासना नाही. तेव्हा सरकारी शाळेत धर्म शिकविणे निषिद्ध असले तरी प्रार्थना म्हणवून घेणे निषिद्ध नाही, असा अर्थ शब्दांना चिकटून काढता येतो. उलट बाजूने असेही विचारता येते की, ज्या शाळेत धर्माची शिकवणच वर्ज्य ठरविली तेथे उपासनेची वाट घटनाकारांनी मोकळी ठेवली असेल काय? रोज पाठ करून घेतली जाणारी प्रार्थना ही शिकवण नव्हे तर दुसरे काय? एका शब्दाच्या अनुपस्थितीचा हा तिढा आहे.

अहवालांची चवड

धर्माच्या ‘अध्ययना’ला मोकळीक असल्यामुळे तो कसा व्हावा, याविषयी देशात शिफारशींची वाण कधीच नव्हती. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये सुचविले की, शिक्षणसंस्थांच्या दिवसाचा प्रारंभ काही मिनिटांच्या मूक चिंतनाने व्हावा. पहिल्या वर्षी बुद्ध, येशू, महंमद, कबीर, नानक अशा थोर पुरुषांची चरित्रे, पुढे विविध धर्मग्रंथांतील सार्वत्रिक वेचे शिकवावेत. मुंबई राज्याचे तत्कालीन राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या समितीने १९६०च्या आरंभी धार्मिक व नैतिक शिक्षणासंबंधी अहवाल दिला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘धर्मशिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ असा भेद पुन्हा अधोरेखित केला आणि प्रमुख धर्मांची निवडक माहिती देणाऱ्या अभ्यासक्रमाची शिफारस केली.

यांपैकी बहुतेक गोष्टी कागदावरच राहिल्या. पुस्तक कोणी लिहायचे, कोणत्या धर्माला किती पाने द्यायची, त्या धर्मातील वादग्रस्त भाग सांगायचा की झाकायचा, यावर एकमत होण्याजोगे नव्हतेच. त्यातच १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने एक योगायोग घडवून आणला. याच दुरुस्तीने उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द घातला आणि याच दुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आणला. म्हणजे धर्मनिरपेक्षतेची ग्वाही आणि शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचण्याचा अधिकार दिल्लीला एकाच वेळी मिळाला. तोवर राज्याराज्यांतील पाठ्यपुस्तक मंडळांपुरता असलेला वाद त्यानंतर संसदेत वारंवार येऊ लागला.

ऑक्टोबर १९९८ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद दिल्लीत भरली. तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री मुरली मनोहर जोशी यांच्या उपस्थितीत सरस्वती वंदना सुरू होताच अनेक राज्यांच्या मंत्र्यांनी सभात्याग केला. मंत्री उठून जाऊ शकतात. वर्गातील मुलाला ती सोय नसते, हा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला.

पुढच्याच फेब्रुवारीत, १९९९ मध्ये, मनुष्यबळ विकास खात्याशी संलग्न संसदीय स्थायी समितीने मूल्याधिष्ठित शिक्षणावरील अहवाल सभागृहांना सादर केला. समितीचे अध्यक्ष होते शंकरराव चव्हाण. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री आणि काँग्रेसचे ज्येष्ठ नेते. सत्य, धर्म, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया असावीत आणि विद्यार्थ्यांना सर्व धर्मांची मूलतत्त्वे कळावीत, अशी समितीची भूमिका होती. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला याच अहवालाचा आधार मिळाला. काँग्रेसच्या नेत्याचा अहवाल भाजपच्या सरकारने हाती घेतला आणि काँग्रेस त्या आराखड्याला भगवेकरण म्हणत राहिली. दोन्ही पक्षांची या प्रश्नावरील अडचण या एका प्रसंगात सामावलेली आहे.

आराखड्याविरुद्ध अरुणा रॉय व इतरांनी केलेल्या याचिकेवर १२ सप्टेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. एम. बी. शाह, न्या. डी. एम. धर्माधिकारी व न्या. एच. के. सेमा यांच्या पीठाने आराखडा उचलून धरला. विविध धर्मांच्या तत्त्वज्ञानाची ओळख करून देणे हे २८व्या कलमात वर्ज्य केलेले धार्मिक शिक्षण नव्हे, असा त्याचा आशय. शीखधर्मीय गुरूंच्या जीवनकार्याचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असे १९७१ मध्येच डी.ए.व्ही. कॉलेज प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते. हा निकाल त्याच वाटेने गेला. मात्र न्या. धर्माधिकारी यांनी स्वतंत्र निकालपत्रात एक इशारा दिला होता. धर्माविषयीच्या शिक्षणाच्या नावाखाली धर्माची शिकवण देण्याचा धोका खरा आहे आणि त्यावर सतत पहारा हवा. निकालाचा दाखला देणाऱ्यांनी परवानगीचा भाग तेवढा उचलला, पहाऱ्याचा विसरून गेले. तो पहारा कोणी द्यायचा, याची यंत्रणा ना न्यायालयाने ठरविली ना नंतरच्या कोणत्या सरकारने.

एकच मोजपट्टी हवी

त्यानंतर या कलमाचा वापर ज्या रीतीने झाला, ती रीत तपासण्यासारखी आहे. आसाम विधानसभेने डिसेंबर २०२० मध्ये कायदा करून सरकारी निधीवर चालणाऱ्या मदरशांचे सर्वसाधारण शाळांत रूपांतर केले. ४ फेब्रुवारी २०२२ रोजी गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. पूर्णपणे सरकारी पैशावरील संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, हे २८(१) चे सरळ वाचन त्यामागे होते. कायद्याच्या कसोटीवर त्यात खोट काढणे अवघड आहे. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये गुजरात सरकारने इयत्ता सहावी ते बारावीच्या शालेय शिक्षणात भगवद्गीतेचा समावेश जाहीर केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील विधानसभेने त्याला ठरावाचे पाठबळ दिले. गीता हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून वर्गात येत असेल, तिच्या विविध भाष्यांसह आणि इतर धर्मांच्या ग्रंथांच्या शेजारी येत असेल, तर ते डॉ. आंबेडकरांच्या व्याख्येतील अध्ययन आहे. श्लोकपठणाचा नित्यपाठ म्हणून आणि एकटीच येत असेल तर ती शिकवण आहे. गुवाहाटीत वापरलेली मोजपट्टी गांधीनगरलाही लावली जाते काय, यावर राज्यसंस्थेचा प्रामाणिकपणा ठरेल.

याच्या उलट दिशेची गफलतही होते. उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा शिक्षण मंडळ कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाने मार्च २०२४ मध्ये धर्मनिरपेक्षतेच्या नावाने सरसकट रद्द केला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो निर्णय फिरविला; फाजिल व कामिल या उच्च पदव्यांपुरतीच तरतूद अवैध ठरवून बाकीचा कायदा कायम ठेवला. सरकारमान्यता असलेली अल्पसंख्याक संस्था आणि सरकारच्याच मालकीची शाळा यांना घटनेने एका मापाने मोजलेले नाही. मान्यताप्राप्त शाळेत धर्म शिकविता येतो, सक्ती करता येत नाही. सरकारी शाळेत शिकविताच येत नाही. हा भेद पुसला की धर्मनिरपेक्षता कोणाच्या तरी हातचे हत्यार होते.

गुवाहाटीच्या पीठाचे प्रमुख होते न्या. सुधांशू धुलिया. तेच पुढे सर्वोच्च न्यायालयात आले आणि १३ ऑक्टोबर २०२२ च्या हिजाब प्रकरणातील विभाजित निकालात त्यांनी विद्यार्थिनींच्या बाजूने मत दिले. अनेकांना यात विसंगती दिसली. वस्तुतः येथे दोन वेगळ्या कर्तव्यांचा प्रश्न आहे. शाळा चालविताना राज्यसंस्थेने कोणत्याही धर्माचा पक्ष घेऊ नये, हे एक. आणि शाळेत येणाऱ्या मुलाची सदसद्विवेकबुद्धी वेशीवर काढून ठेवायला सांगू नये, हे दुसरे. पहिले बंधन सरकारवर आहे, दुसरे अभय विद्यार्थ्याला आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

संमती कोणाची?

प्रार्थना ऐच्छिक आहे, ज्याला म्हणायची नाही त्याने गप्प उभे राहावे, हा तोडगा सर्वांना सोयीचा वाटतो. केरळमधील ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायिल्याबद्दल १९८५ मध्ये शाळेतून काढले होते. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, गात मात्र नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी व न्या. एम. एम. दत्त यांनी त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रातही असा प्रसंग घडला आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नाही म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडविण्यात आली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय देताना २८व्या कलमाचाच आधार घेतला.

ही उदाहरणे तोडग्याची ताकद दाखवितात, तशीच त्याची मर्यादाही. तीन भावंडांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. पगारदार, प्रौढ शिक्षकाला वेतनासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मग बदली होऊन मध्येच शाळेत दाखल झालेल्या चौथीतील मुलाने, चारशे मिटलेल्या डोळ्यांत आपले डोळे उघडे ठेवण्याचे धैर्य कोठून आणायचे? त्याचा प्रश्न कायद्याच्या आधी लाजेचा असतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतील पंथनिरपेक्ष आणि ऐच्छिक प्रार्थनाही घटनाबाह्य ठरविली, ती राज्यसंस्थेने प्रार्थना रचू नये या तत्त्वावर. भारताने तो मार्ग पत्करलाच पाहिजे असे नाही. येथील राज्यघटना धर्माला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करीत नाही, त्याला समान अंतरावर ठेवते. समान अंतर राखायचे तर ऐच्छिकतेचा उच्चार नियमात हवा, केवळ मुख्याध्यापकाच्या सौजन्यावर नको.

घटनापीठाचा निवाडा काहीही असो, काही गोष्टींना न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रार्थनेचा मजकूर ठरविणारी संहिता केंद्रीय विद्यालय संघटनाने स्वतः केली आहे आणि ती बदलण्याचा अधिकारही त्याच्याकडेच आहे. राधाकृष्णन आयोगाने सुचविलेल्या मूक चिंतनाला कोणत्याही धर्माच्या मुलाची हरकत असण्याचे कारण नाही. त्या दोन मिनिटांत कोणी देव आठवावा, कोणी आई, कोणी काहीच नाही. उद्देशिकेचे वाचन महाराष्ट्राने २०२० पासून शाळांच्या परिपाठात नव्याने आणले, तेही अनुकरणीय आहे. मराठी शाळांनी साने गुरुजींची प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या म्हटली, कारण तिच्यात मागणे देवाकडे कमी आणि माणसाकडे अधिक आहे. आणि धर्मांचे अध्ययन खरोखरच हवे असेल, तर त्यासाठी परिपाठ ही जागा नव्हे. त्याला तासिका हवी, प्रश्न विचारण्याची मुभा हवी आणि एकाहून अधिक धर्मांशी परिचित असा प्रशिक्षित शिक्षक हवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सेवा, अहिंसा, सत्य, निष्काम कर्म यांच्याबरोबरच विविधता आणि बहुविधतेचाही मूल्य म्हणून उल्लेख आहे. त्या यादीतील कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, ते वर्गात ठरणार आहे.

राज्यकर्त्यांना या वादात रस असतो तो बहुसंख्याकांच्या भावना आणि अल्पसंख्याकांची भीती या दोन टोकांपुरता. परिपाठाच्या रांगेत उभे असलेले मूल या दोन्हींत मोडत नाही. ते सरकारी कर्मचाऱ्याचे मूल असते, बदलीने आलेले असते आणि सर्वांसारखे असावे एवढीच त्याची इच्छा असते. मुंबईच्या शाळेचा दाखला देताना डॉ. आंबेडकरांपुढे नेमके तेच मूल होते. २८व्या कलमातील गाळलेल्या शब्दाचा अर्थ लावताना न्यायालयाने आणि त्याआधी शिक्षण खात्याने त्या मुलाच्या जागी उभे राहून पाहिले, तर हा तिढा वाटतो तितका अवघड नाही.